चार बोटं बुटका ओटा

काष्टी,
१४ नोव्हेंबर २०२४

शमुवेलराव यांना रोझीचा सलाम.

भागवतदादाच्या स्मरणदिनाला तुम्ही कोपरगावहून इतक्या लांब आलात, वहिनीला आणि मला फार बरं वाटलं. दादाने तुमच्याबरोबर साखर कारखान्यात तीस वर्षं एका पाळीत काढली, त्यामुळे तुमचं नाव आमच्या घरात रोजचंच. तुम्ही मात्र आलात, जेवलात, दोन वाक्यं बोललात आणि निघालात. त्यातलं दुसरं वाक्य "वरण छान झालंय" हे होतं, आणि ते वरण माझ्या शेजारच्या बनुबाईने केलेलं होतं.

फोनच करणार होते. पण मशीनपाशी उभं राहून राहून तुमचे कान गेलेले. मी फोनवर ओरडते आणि सगळी आळी ऐकते, तुम्ही सोडून. आज जे विचारायचं आहे ते आळीने ऐकण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या नोहाने एकच धोशा लावलाय, की आई, घर काढून टाक आणि पुण्याला आमच्याकडे ये. सून जेनिफर गुणी आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्यांच्याकडे गेलं की मला सोफ्यावर बसवतात, पुढ्यात टीव्ही लावून देतात आणि आपापल्या कामाला जातात. पस्तीस वर्षं मी सरकारी नर्स होते, शमुवेलराव. चिखल तुडवत वस्त्यांवर जाऊन बाळंतपणं केलीत. मला कुणी असं नीट ठेवून दिलेलं सोसत नाही.

मागच्या वर्षी वहिनीबरोबर तुमच्या घरी आले होते, दादाची हत्यारांची पेटी घ्यायला. चहा मी केला. तुमची आई उंच होती, तुम्ही उंच, ओटा तुमच्या मापाचा. मला तो छातीला लागत होता. तुम्ही शेजारी उभे राहून कपबश्या पुसत होतात. बोलला काहीच नाहीत. पण तेव्हा जसं निवांत वाटलं तसं माझा नवरा गेल्यापासून अकरा वर्षांत वाटलं नव्हतं.

तेव्हा सरळच विचारते. आपण दोघांनी लग्न करावं का? तुम्ही त्रेसष्टचे, मी एकोणसाठची. लाज वाटते का म्हणाल तर वाटते, पण बघा, लिहून झालं. हो असेल तर हो कळवा, नाही असेल तर नाही कळवा, मी रागवायची नाही. आणि हो असेल तर तेवढा ओटा चार बोटं खाली घ्या.

तुमची,
रोझी


कोपरगाव,
२९ नोव्हेंबर २०२४

रोझीबाई यांना सप्रेम सलाम. वि. वि.

आपले पत्र १९ तारखेस मिळाले. येथील सर्व क्षेम.

थंडी पडू लागली आहे. कारखान्याचा बॉयलर पेटला आणि मळीचा वास घरापर्यंत येऊ लागला. निवृत्त होऊन पाच वर्षे झाली. पाळीचा भोंगा मला आता ऐकू येत नाही, तरी बरोबर त्या वेळेला जाग येते. अंगणातल्या पेरूला या वर्षी चांगली फळे धरली आहेत, परंतु पोपट फार नासधूस करतात. म्हणून प्रत्येक फळाला जुन्या धोतराची पिशवी बांधून ठेवली आहे. शेजारी हसतात.

वरण बनुबाईंनी केले होते हे मला ठाऊक नव्हते. त्यांना कळवावे.

आपल्या पत्रातील मुख्य मुद्द्याबाबत सवडीने सविस्तर कळवतो.

आपला,
शमुवेल


काष्टी,
७ डिसेंबर २०२४

शमुवेलराव, सलाम.

"मुख्य मुद्द्याबाबत सवडीने" हे वाचून मी इतकी हसले की बनुबाई कुंपणावरून विचारायला आली, काय झालं म्हणून. मी काय ग्रामपंचायतीत अर्ज टाकलाय का? पेरूंना पिशव्या बांधायला सवड मिळते ना?

हसून झाल्यावर मात्र वाईट वाटलं. माझ्या वयाच्या बाईने असं लिहायला किती धीर गोळा करावा लागतो, याचा अंदाज तुम्हाला नसावा. पत्र पेटीत टाकल्यावर पेटीत हात जातो का हे मी बघितलं होतं. जात नाही.

नाताळला नोहा येतोय. बरोबर घर बघायला एक गिऱ्हाईक आणणार आहे. त्याला काय सांगायचं ते मला तोवर कळलं पाहिजे. "नाही" असेल तर नुसतं कोरं कार्ड पाठवा, मी समजून घेईन. तुम्हाला कष्ट नकोत.

रोझी


कोपरगाव,
१९ डिसेंबर २०२४

रोझीबाई यांना सलाम. वि. वि.

हनुमंत गवंडी सोमवारी आला होता. कडप्पा अखंड निघाला, कोठेही तडा गेला नाही. त्याखालच्या विटांचा एक थर काढून कडप्पा पुन्हा बसवला. आपण चार बोटे लिहिले होते. आपली बोटे मापाला उपलब्ध नसल्याने माझी धरली. तेव्हा किंचित जास्त खाली गेला असेल.

हनुमंत म्हणाला, "बाबा, येवढा बुटका वटा कुनासाटी? तुमी तर वाकून वाकून मराल." मी त्याला उत्तर दिले नाही.

आपल्याला मात्र हे उत्तर समजावे. नाताळच्या शुभेच्छा.

आपला,
शमुवेल


काष्टी,
८ जानेवारी २०२५

शमुवेलराव,

सलाम, सलाम, आणि पुन्हा एकदा सलाम. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात हो शब्द कुठेच नाही. पण जगात कुणी कुणाला विटांचा थर काढून होकार दिला नसेल, तो मला मिळाला. मी आतल्या खोलीत जाऊन रडले आणि मग वहिनीला सांगायला गेले.

नोहाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, त्या काकांना ऐकू येतं का?" मी म्हटलं, मला हवं तेवढं येतं. त्याने गिऱ्हाइकाला फोन करून नको म्हणून कळवलं. पोरगा चांगला आहे माझा.

आता कामाचं. मार्चच्या पाच तारखेला उपवासकाळ लागतो, मग ईस्टरपर्यंत आपल्यात लग्नं होत नाहीत. म्हणून आमच्या पाळकांनी गुरुवार, २७ फेब्रुवारी सुचवलाय. त्याआधी रीतीप्रमाणे दोन्हीकडच्या चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवार मंडळीपुढे आपली नावं वाचायची: २, ९ आणि १६ फेब्रुवारी. कुणाची हरकत असेल तर कळवा, असं विचारायचं. आमच्या पाळकांनी सहीशिक्क्याचा कागद दिलाय, तो पिवळ्या पाकिटात रजिस्टरने धाडते. तुम्ही फक्त तो तुमच्या पाळकसाहेबांच्या हातात द्यायचा, की तिकडेही वाचतील. शेवटच्या वाचनापासून तीन महिन्यांची मुदत असते. ती गेली तर सगळं पहिल्यापासून, आणि या वयात आपलं दोनदा वाचायला लागलं तर हसून पुरेवाट होईल लोकांची.

आणि एक. माझ्या नावापुढची "बाई" आता काढून टाका.

तुमची,
रोझी


कोपरगाव,
४ फेब्रुवारी २०२५

रोझी,

बाई काढली आहे. लिहिताना हात थोडा थांबला, पण काढली.

पिवळे पाकीट वेळेवर पोचले. रविवारी येथेही सर्व व्यवस्थित पार पडले. मंडळी बरीच होती. ओट्याचा गिलावा पूर्ण वाळला आहे. खिडकीला पडदा नव्हता, तो शिवायला टाकला. रंग निळा घेतला. आपल्याला चालेल असे धरून चालतो.

आपला,
शमुवेल


काष्टी,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

शमुवेलराव,

आत्ताच चर्चमधून आले आणि चपला न काढता लिहायला बसले. दुसऱ्यांदा नावं वाचली. मागच्या रविवारी मी खाली मान घालून बसले होते. आज म्हटलं, का म्हणून? वर बघून ऐकलं. "रोझी, कै. दानियल भोसले यांची विधवा, आणि शमुवेल येशुदास गायकवाड." पस्तीस वर्षं लोकांच्या पोरांची नावं जन्माच्या रजिस्टरात मी लिहिली. माझं नाव कुणी असं मोठ्याने घेतलं नव्हतं. लग्नात घेतलं असेल, पण तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि घाबरलेली होते.

बनुबाई काही आपल्यातली नाही, पण मुद्दाम येऊन दाराशी उभी राहिली होती. म्हणाली, "बाई, माइकवर तुमचं नाव आलं, लई झ्याक वाटलं. तिकडं बी आसंच घेत्यात का?" मी म्हटलं, घेतात तर.

पण तुम्ही काही लिहितच नाही हो. "व्यवस्थित पार पडले" म्हणजे काय? कोण काय म्हणालं? बायका कुजबुजल्या का? तुमचे पाळक माझं आडनाव नीट वाचतात का? निळा पडदा चालेल. निळा मला आवडतो. पण एवढं लिहा.

रोझी


कोपरगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

रोझी,

पत्र आजच मिळाले, लगेच उत्तर टाकत आहे. दुसऱ्यांदाही झाले. आडनाव नीट वाचले. बायकांचे मला ऐकू आले नाही.

पडदा लावला आहे.

शमुवेल


काष्टी,
१८ फेब्रुवारी २०२५

शमुवेलराव,

तुमचं कार्ड शनिवारी सकाळी मिळालं. "आडनाव नीट वाचले." एवढे तीन शब्द वाचले आणि मला वाटलं, हे आपण आपल्या कानांनी का ऐकू नये? इथे दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा तिकडे ऐकू. तुम्हाला न सांगता जाऊन मागे बसू, उपासना संपली की समोर उभं राहू. मला स्वतःचीच गंमत वाटली. शनिवारचा बाजार भरलेला, त्या गर्दीतून वाट काढत एसटी धरली. नगरला मामेबहिणीकडे राहिले आणि सकाळच्या पहिल्या गाडीने कोपरगावला आले.

बायकांच्या बाजूला अगदी शेवटच्या बाकावर बसले, डोक्यावरून पदर घेऊन. तुम्ही पुढे होतात. नवा पांढरा सदरा. अर्पणाची पिशवी तुमच्याकडे होती, ती तुम्ही पुरुषांच्या बाजूने फिरवत मागेपर्यंत आलात. माझ्यापासून चार हातांवर उभे होतात. तुमच्या सदऱ्याच्या खिशातून पिवळ्या पाकिटाचं टोक वर आलं होतं. मला त्याचंही कौतुक वाटलं. म्हटलं, कागद जपून वापरतात, वाचायच्या वेळी देतात.

मग पाळकसाहेबांनी सूचना वाचल्या. महिला मंडळाची सभा. पाण्याची टाकी धुवायची. मग एका तरुण जोडप्याची नावं वाचली, दुसऱ्यांदा. लोक हसले, तुम्हीही मान हलवून हसलात. मग पाळकांनी कागद मिटला आणि गीत सुरू झालं.

मी वाट बघत होते. गीत संपलं तरी वाट बघत होते. शेजारच्या बाईला विचारलं, "गायकवाडांचं वाचलं नाही का आज?" ती म्हणाली, "कोन, शमुवेलभाऊ? त्यांचं काय वाचायचं?"

शेवटच्या आशीर्वादाला मी थांबले नाही. तुम्हाला तोंड दाखवायची मला लाज वाटली. लाज मला वाटली, हे बघा कसं आहे. स्टँडकडे जाताना तुमच्या घरावरून गेले. खिडकीचा निळा पडदा एका बाजूला सरकला होता. आत बघितलं. ओटा खरोखर खाली घेतलाय. मला वाटलं होतं तेही खोटंच असेल. ते खोटं असतं तर बरं झालं असतं, मला सगळं एकदाच कळलं असतं.

आणि ऐका, त्याच वेळेला इथे काष्टीत आपली नावं तिसऱ्यांदा वाचली गेली. कुणी हरकत घेतली नाही. बनुबाईने पेढे वाटले.

आता कानाचं निमित्त सांगू नका. कागद खिशात का राहिला, एवढं एकदा सरळ लिहा. २७ तारीख मी सोडली. पण आमच्याकडची मुदत १६ मेपर्यंत आहे, ती मी होऊन मोडत नाही. तोवर माझं नाव तुमच्या नावाशेजारी आहे. मी फार रडले आहे, शमुवेलराव, आणि तरी हे लिहिते आहे.

रोझी


कोपरगाव,
९ मार्च २०२५

रोझी,

कानाचे निमित्त सांगत नाही. आपण शेवटच्या बाकावर होता हे वाचून मी पत्र खाली ठेवले, ते दोन दिवस उचलले नाही.

सरळ लिहितो. पहिल्या रविवारी कागद द्यायचाच होता. उपासनेनंतर पाळकसाहेब दाराशी उभे राहून प्रत्येकाचा हात हातात घेतात. माझी पाळी आली, त्यांनी हात पुढे केला, मी हात दिला आणि बाहेर आलो. मनात म्हटले, आज गर्दी आहे, पुढच्या रविवारी. आपल्याला पार पडले असे लिहिले, कारण सातच दिवसांचा प्रश्न होता. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मला आत कुठेतरी असे वाटत होते की पाळकसाहेबांनी स्वतःच म्हणावे, शमुवेल, तुझ्या खिशात काय आहे ते पाहू. त्यांनी काढून घेतला असता तर मी अडवले नसते.

आपल्याला वाटेल, याची इच्छाच नव्हती. इच्छा होती. निळे कापड घ्यायला मी भर उन्हात तीन दुकाने पालथी घातली.

भागवत आपल्याला सांगत असेल, की रस आटवायच्या पॅनवर माझी बरोबरी कुणी करत नसे. उसाचा रस आटत येतो तेव्हा दोन बोटांत थेंब धरून तार पाहायची, आणि दाणा पडतोय असे दिसले की त्याच क्षणी झडप फिरवायची. थोडे आधी केले तर दाणा विरघळतो, थोडा उशीर झाला तर सगळा पॅन दगड होऊन बसतो. एकतीस वर्षांत माझा एकही पॅन बसला नाही. भागवत नव्या माणसांना म्हणायचा, "शमुवेलला इचारू नका, त्याची बोटं बगा." पण तिथे रस मला सांगत असे, आता. मी फक्त ऐकत असे. घरात, चर्चमध्ये, माणसांपुढे कुणी सांगत नाही. तिथे आपण होऊन म्हणावे लागते.

आईने माझ्यासाठी सहा स्थळे आणली होती. मी एकालाही नाही म्हटले नाही. हो म्हणायचे राहत गेले, आणि ती माणसे आपापली उठून गेली. आईला शेवटपर्यंत वाटत होते की मला कुणी पसंत पडत नाही. राहुरीची एक मुलगी मला फार पसंत होती.

हे मी कुणालाही सांगितलेले नाही. क्षमा कशी मागतात ते मला येत नाही. कागद अजून माझ्यापाशी आहे.

शमुवेल


कोपरगाव,
११ मे २०२५

प्रिय रोझी,

आपल्याकडून उत्तर आले नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. परंतु आता कळवण्यासारखे घडले आहे.

ईस्टरनंतर मी कागद दिला. पाकिटाच्या कडा घामाने मऊ पडल्या होत्या, पाळकसाहेबांनी तारीख पाहिली आणि म्हणाले, अहो, हा जानेवारीपासून कुठे होता? मी म्हणालो, खिशात. २७ एप्रिलला पहिल्यांदा वाचले, ४ मेला दुसऱ्यांदा आणि आज तिसऱ्यांदा. आडनाव त्यांनी खरोखर नीट वाचले. मी पुढच्या बाकावर जाऊन बसलो होतो, तेव्हा पूर्ण ऐकू आले. उपासनेनंतर सगळे हात मिळवायला आले. बायका कुजबुजल्या. एकाने घरी केळीचा घड पाठवला. त्रेसष्ट वर्षांत माझे इतके कौतुक कधी झाले नव्हते, निवृत्तीच्या दिवशीही नाही.

कुणीही हरकत घेतली नाही.

आपल्याकडची मुदत १६ तारखेपर्यंत आहे हे मी विसरलेलो नाही. पाळकसाहेब म्हणतात, तुम्ही फक्त सांगा, मी कोणत्याही दिवशी सकाळी उभा राहतो. अजून पाच दिवस आहेत. आपण कळवाल त्याप्रमाणे करू.

आपलाच,
शमुवेल


काष्टी,
शनिवार, १७ मे २०२५

शमुवेलराव यांना सलाम.

तुमचं पत्र आज पोस्टमनने बाजारातच माझ्या हातात दिलं. मुदत काल संपली.

पत्रावर तारीख अकरा आहे. पाकिटावर कोपरगावच्या पोस्टाचा शिक्का चौदाचा आहे. सोमवारी बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती, मान्य. पण मंगळवारीही पोस्ट उघडं होतं. म्हणजे हे पत्रही तीन दिवस तुमच्या खिशात होतं. बाजारात लिंबाच्या पाट्यांपाशी उभं राहून मी तो शिक्का वाचला आणि मला सगळं समजलं. मला हसू आलं आणि मी लिंबं न घेताच घरी आले.

पाच दिवस राहिले असतील तर माणूस एसटीत बसतो हो. पोस्टात पत्र टाकत नाही. कोपरगावहून निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत काष्टीत येतो, मीच तो रस्ता केलाय. तुम्ही दाराशी येऊन नुसते उभे राहिला असतात तरी मी विचारलं नसतं, इतके दिवस कुठे होतात. चहा टाकला असता.

मार्चच्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही, कारण मी वाट बघत होते. पत्राची नाही, तुमची. ईस्टर झाला, एप्रिल गेला. रोज एसटीच्या वेळेला मी अंगणात काहीतरी काम काढायची. बनुबाईच्या ते लक्षात आलं होतं. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही.

तुमच्याकडे तिन्ही रविवार नावं वाचली, लोकांनी केळी दिली, सगळं झालं. पण ते तुम्हाला केव्हा जमलं, बघा. मी येणार नाही असं वाटू लागलं तेव्हा जमलं. पाळकांनी विचारलं कुणाची हरकत आहे का, तेव्हा पुढच्या बाकावर ती हरकत बसली होती. तिने हात तेवढा वर केला नाही.

मला तुमचा राग येत नाही. तो आला असता तर बरं वाटलं असतं. मला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं, माझं आणि तुमचं दोघांचंही. पुन्हा पहिल्यापासून नावं वाचायला मी सांगणार नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

पुण्याला मी जात नाही. घर आहे तसंच राहील. उपकेंद्रातल्या नव्या नर्सला वस्त्यांवर जायचा धीर होत नाही, तिच्याबरोबर जाते. परवा गुऱ्हाळाच्या वस्तीवर मुलगी झाली, साडेतीन किलोची. तिचं नाव अजून ठेवलेलं नाही.

उत्तर टाकलंत तर नावापुढे "बाई" परत लावा.

रोझी भोसले


कोपरगाव,
२२ जून २०२५

रोझीबाई यांना सप्रेम सलाम. वि. वि.

आपले पत्र मिळाले. शिक्क्याबद्दल आपण लिहिले ते बरोबर आहे. मंगळवारी मी पेटीपर्यंत गेलो होतो. मला आपली आठवण येते, हे एक वाक्य लिहायला महिना लागला.

येथील सर्व क्षेम. पेरूला पुन्हा फुले आली आहेत. कारखाना बंद आहे, त्यामुळे वास नाही. पडद्याचा रंग उन्हाने थोडा विटला. स्वयंपाकाला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, कारण मध्येमध्ये पाठ सरळ करावी लागते. चहा करताना मी आता स्टुलावर बसतो, म्हणजे ओटा बरोबर मापात येतो.

हनुमंत गवंडी परवा आला होता. पाहून म्हणाला, "बाबा, कवर आसं वाकून कराल? कडप्पा उचलायला येक सकाळ लागंल. वटा परत वर घेऊ का?"

मी त्याला म्हणालो, कळवतो.

आपला,
शमुवेल